नागपूरच्या राजधान्या क्रमाने पाहाव्यात : वास्तू आणि संग्रहालयांसाठी तीन दिवसांची वाट

नागपुरात बाहेरून आलेला पाहुणा बहुधा एका दिवसात दीक्षाभूमी, झिरो माइल आणि फुटाळा तलाव पाहतो, संत्राबर्फी घेतो आणि या शहरात पाहण्यासारखे फारसे काही नाही असे मत घेऊन परततो. हे मत चुकीचे आहे, मात्र ते का होते हे समजण्यासारखे आहे. साऱ्या शहराची ओळख एकटीने सांगेल अशी भव्य वास्तू नागपुरात नाही. देवगडच्या गोंड राजांनी हे शहर राजधानी केले, मग भोसल्यांनी येथून राज्य चालवले, इंग्रजांनी १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण करून त्याची राजधानी येथे ठेवली, पुढे १९५६ पर्यंत हे मध्य प्रदेशाचे राजधानीचे शहर राहिले आणि आज ते महाराष्ट्राची उपराजधानी आहे. प्रत्येक राजवटीने आपले आसन वेगळ्या जागी मांडले. म्हणून जवळ काय आणि लांब काय एवढेच पाहून फिरण्याऐवजी राजवटींच्या क्रमाने फिरावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तसे केले की एरवी सुटे वाटणारे दगड, दरवाजे आणि इमारती एकमेकांशी बोलू लागतात.

वेळ ठरवताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि तेव्हा महाल या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून पायी फिरण्याचा बेत कोणीही आखू नये. हिवाळ्यातही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते. ते सहसा डिसेंबरात असते आणि त्या दिवसांत सिव्हिल लाइन्समध्ये पोलीस बंदोबस्त, मोर्चे आणि बंद केलेले रस्ते असतात. शिवाय राहण्याच्या खोल्याही मिळत नाहीत. ज्यांना वास्तू निवांतपणे पाहायच्या आहेत त्यांनी अधिवेशनाच्या तारखा पाहूनच तिकिटे काढावीत.

मुक्काम तीन दिवसांचा असावा, दोन शहरासाठी आणि एक रामटेक परिसरासाठी. सोमवार शहरासाठी राखू नये, कारण त्या दिवशी मध्यवर्ती संग्रहालय आणि नॅरोगेज रेल्वे संग्रहालय ही दोन्ही बंद असतात. रामटेकसाठी मात्र सोमवार चालतो. शहरात फिरण्यासाठी मेट्रो सोयीची आहे. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे तिचे दोन मार्ग सीताबर्डीला एकमेकांना मिळतात आणि या लेखातील शहरातली बहुतेक ठिकाणे कोणत्या ना कोणत्या स्थानकापासून पायी किंवा ऑटोने थोड्या अंतरावर आहेत.

पहिली सकाळ : महाल

आरंभ गांधीसागर तलावापासून करावा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी, परंपरेने १७०२ मध्ये, राजापूर बारसा म्हणून ओळखली जाणारी बारा खेडी जोडून हे शहर वसवले. त्याचा उत्तराधिकारी चांद सुलतान याने राजधानी देवगडहून येथे आणली, शहराला तटबंदी केली आणि नाल्याला बांध घालून जुम्मा तलाव तयार केला. तोच आजचा गांधीसागर, जुन्या लोकांच्या तोंडी शुक्रवारी तलाव. तटबंदी आता उरलेली नाही, पण तिच्यातील जुम्मा दरवाजा गांधी गेट या नावाने उभा आहे. या दरवाज्याखालून आजही वाहनांची वर्दळ चालू असते. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबून कमान नीट पाहावी आणि मगच आत शिरावे, कारण जुन्या राजधानीची वेस येथेच होती.

गांधी गेटमधून बडकस चौक आणि कोतवालीच्या बाजूने पायी चालत राहावे. १७३९ मध्ये चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारशाचा तंटा उभा राहिला, त्यात राणीने वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावले आणि काही वर्षांतच सत्ता भोसल्यांच्या हाती आली. या भागातील वाडे, देवळे आणि पेठांची घडण त्या पुढच्या शतकातली आहे. भोसल्यांचा थोरला वाडा हे आजही खाजगी निवासस्थान आहे. तेथे परवानगीशिवाय आत जाऊ नये आणि घरातील माणसांची छायाचित्रे काढू नयेत. महालातच गोंड राजांच्या किल्ल्याचा परिसरही आहे, ज्याकडे बहुतेक पर्यटक फिरकतच नाहीत. गोंड राजघराणे आणि भोसले घराणे यांच्या वास्तू इतक्या जवळ असाव्यात, हीच या शहराच्या इतिहासाची खूण आहे, म्हणून दोन्हींकडे जावे.

भोसल्यांच्या राजधानीत भोसल्यांच्या वस्तू एवढ्या थोड्या का, असा प्रश्न येथे पडतो. त्याचे उत्तर १८५३-५४ मध्ये आहे. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले. लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ मध्ये राज्य खालसा केले. त्यानंतर राजघराण्याचे हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीला विकले गेले आणि जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेले. जे विखुरले ते आजही मधूनच कुठेतरी प्रकट होते. पहिल्या रघुजींच्या नावाचा देवनागरी लेख असलेली, युरोपीय पात्याची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती मिळवली. महालातून चालताना हे मनात असावे. म्हणजे रिकाम्या दिसणाऱ्या जागाही काही सांगतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, नागपुरात असाल तर वास्तुदर्शनाचा बेत बाजूला ठेवून इतवारी-महाल भागात मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक पाहावी. काळी आणि पिवळी अशा दोन मारबती निघतात आणि काळ्या मारबतीचा संबंध लोकपरंपरा इंग्रजांना अनुकूल झालेल्या बाकाबाई भोसल्यांशी जोडते. १८५४ पूर्वीचा रोष एवढ्या वर्षांनी रस्त्यावर जिवंत असलेला मी तरी दुसऱ्या शहरात पाहिलेला नाही. त्या दिवशी या भागातील वाहतूक वळवलेली असते, त्यामुळे चितार ओळी मेट्रो स्थानकावर उतरून पायी जाणे बरे.

पहिली दुपार : अजब बंगला

दुपारचे ऊन चढले की सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालयात जावे. जुन्या नागपूरकरांना ते अजब बंगला या नावानेच ठाऊक आहे. १८६३ मध्ये, सर रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असताना ते सुरू झाले, म्हणजे भारतातील जुन्या संग्रहालयांपैकी ते एक आहे. त्याच्या जन्माशी नागपुरात मिशनरी आणि भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून काम केलेले स्टीफन हिस्लॉप यांचे नाव जोडलेले आहे. त्यांनी या प्रदेशातील जीवाश्म आणि खनिजे गोळा केली, गोंड लोकांची गाणी उतरवून घेतली आणि सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे, म्हणजे वर्तुळात मांडलेले प्राचीन दगड, पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. संग्रहालयातील प्रागैतिहासिक वस्तू पाहिल्यावर अशी वर्तुळे प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा झाली, तर काटोल मार्गावरील जुनापाणी येथे जावे. तेथे सुमारे तीनशे महापाषाणयुगीन शिळावर्तुळे आहेत आणि ते स्थळ केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. तेथे सावली किंवा दुकान मिळेल या भरवशावर राहू नये, पाणी सोबत न्यावे.

संग्रहालय पाहण्यापूर्वी एक तयारी अवश्य करावी. जुन्या मध्य प्रांताचा नकाशा मोबाइलवर जवळ ठेवावा. येथे बालाघाट, जबलपूर, सागर आणि रायपूर ही नावे पुन्हापुन्हा येतील आणि नकाशा नसेल तर विदर्भाच्या संग्रहालयात मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या वस्तू कशाला, असे वाटत राहील. हे महाराष्ट्राचे म्हणून जन्मलेले संग्रहालयच नव्हे. आज तीन राज्यांत विभागल्या गेलेल्या एका मोठ्या प्रांताच्या राजधानीचे ते संग्रहालय आहे आणि त्या दृष्टीने पाहिले तरच त्याचा आवाका कळतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे गुंगेरियाचा ताम्रनिधी. १८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया गावाजवळ गुरे चारणाऱ्या दोन मुलांना जमिनीतून धातूचा तुकडा डोकावताना दिसला. खणल्यावर तांब्याची ४२४ अवजारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. भारतात सापडलेल्या ताम्रनिधींत हा फार मोठा आणि महत्त्वाचा मानला जातो. त्यातील वस्तू अनेक संग्रहालयांत वाटल्या गेल्या, काही लंडनला गेल्या आणि काही नागपुरात राहिल्या. ही अवजारे दिसायला साधी आहेत, रोषणाईने उजळलेली नाहीत, आणि म्हणूनच पाहणारे त्यांच्यापुढून न थांबता निघून जातात. तेथे थांबावे. लांब कुऱ्हाडी आणि छिन्न्यांसारख्या पट्ट्यांच्या कडा पाहाव्यात, त्यांची जाडी न्याहाळावी आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या धातुकाराने एवढे तांबे एकत्र का ठेवले असेल याचा विचार करावा.

शिलालेख आणि ताम्रपटांचे दालन अक्षर न वाचता येणाऱ्यालाही कंटाळवाणे वाटू नये. परमार राजा नरवर्मन याच्या काळातील, विक्रम संवत ११६१ म्हणजे इसवी सन ११०४-०५ चा, 'नागपूर प्रशस्ती' म्हणून अभ्यासकांना परिचित असलेला शिलालेख या संग्रहाशी जोडलेला आहे. माळव्याच्या राजवंशाची वंशावळ त्यातून कळते. असा विशिष्ट लेख मांडणीत पटकन सापडत नसेल, तर कर्मचाऱ्यांना नम्रपणे विचारावे. लेखांपुढे जाताना एक साधी युक्ती उपयोगी पडते. एकाच काळातील लेख न पाहता दूरच्या काळातील दोन लेख शेजारी ठेवून एखादे ओळखीचे अक्षर, उदाहरणार्थ 'म' किंवा 'र', शोधावे. अक्षराचे वळण कसे बदलत गेले ते डोळ्यांनाच उमगते. वाकाटक या प्राचीन राजवंशाच्या लेखांचे संपादन करणारे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी नागपूरचेच, आणि या शहरात लेखविद्येची जी परंपरा रुजली तिच्यामागे त्यांच्यासारख्यांचे कष्ट आहेत.

शस्त्रांचे दालन मुलांना आवडते. नैसर्गिक इतिहासाच्या दालनातील पेंढा भरलेले प्राणी आणि पक्षीही त्यांना खिळवून ठेवतात. मोठ्यांनी मात्र आदिवासी संस्कृतीच्या दालनासाठी वेळ राखावा, कारण सकाळी ज्या गोंड राजांचे शहर पाहिले त्या समाजाच्या वाद्यांची, दागिन्यांची आणि घरगुती वस्तूंची ओळख येथे होते. संपूर्ण संग्रहालयासाठी निदान दोन तास हवेत, तीन असतील तर अधिक चांगले. छायाचित्रांसाठी परवानगी आणि शुल्क यांची विचारणा तिकीट खिडकीवरच करावी, फ्लॅश वापरू नये आणि मोठी पिशवी मुक्कामीच ठेवावी.

दुसरा दिवस : सीताबर्डीची टेकडी आणि इंग्रजांची राजधानी

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सर्वसामान्यांसाठी तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशीच उघडतो. त्या दिवशी जायचे असेल तर सरकारी ओळखपत्र सोबत ठेवावे, सकाळी लवकर रांगेत लागावे आणि जेथे मनाई आहे तेथे छायाचित्र काढू नये. इतर दिवशी टेकडी खालूनच पाहावी लागते. मेट्रोच्या उन्नत मार्गावरून ती चांगली लक्षात येते, आणि या जागेचा इतिहास कळायला टेकडीचा आकार कळणे पुरेसे आहे.

२६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने येथे ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी, रिचर्ड जेंकिन्सच्या सैन्यावर हल्ला केला. कंपनीकडे सुमारे तेराशे-चौदाशे माणसे होती, भोसल्यांकडे त्याच्या कित्येक पटींनी अधिक. रात्रभर गोळीबार चालला. सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी छोटी टेकडी जिंकली आणि मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. मग कंपनीच्या घोडदळाने मैदानात धडक दिली, छोट्या टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि त्या गोंधळात इंग्रजांनी ती परत घेतली. २७ तारखेच्या दुपारपर्यंत निकाल लागला होता. लढाईनंतर इंग्रजांनी टेकडीवर पक्की तटबंदी उभारली. टेकडीच्या पूर्वेला जुने शहर आहे आणि पश्चिमेला पुढे सिव्हिल लाइन्स वसली. नागपूरची सत्ता त्या दोन दिवसांत पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकली, असे म्हटले तर ते नकाशावरही दिसते.

तेथून झिरो माइलला यावे. चार घोडे आणि दगडी स्तंभ ही तिथली परिचित दृश्ये, पण जवळचा लहान दगड अधिक महत्त्वाचा आहे. तो महात्रिकोणमितीय सर्वेक्षणातील १९०७ चा प्रमाण उंचीदर्शक दगड आहे, समुद्रसपाटीपासून उंची मोजण्यासाठी बसवलेला. हा भारताचा मध्यबिंदू आहे हा समज सर्वत्र पसरला असला, तरी दगडाचे काम उंचीचे होते. षट्कोनी स्तंभावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची मैलांतली अंतरे कोरलेली आहेत. ती वाचली की राजधानीतून कोणत्या दिशांना वाटा जात होत्या ते कळते.

याच परिसरात गोवारी शहीद स्मारक आहे आणि त्यापुढे थांबल्याशिवाय कोणीही पुढे जाऊ नये. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हिवाळी अधिवेशनाच्या काळात अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी घेऊन आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. राजधानीच्या इतिहासात राजवाडे आणि न्यायालये येतात तशीच राजधानीच्या दारी न्याय मागायला आलेली माणसेही येतात, आणि नागपुरात ती जागा विधानभवनापासून फार दूर नाही.

विधानभवन आणि उच्च न्यायालय बाहेरूनच पाहावे लागते. त्यांपैकी न्यायालयाच्या इमारतीला अधिक वेळ द्यावा. नागपूर उच्च न्यायालय जानेवारी १९३६ मध्ये स्थापन झाले आणि १९४० मध्ये ही इमारत वापरात आली. नवी दिल्लीच्या उभारणीत काम केलेले वास्तुकार हेन्री मेड यांनी तिचा आराखडा केला. वालुकाश्मातील रेखीव भिंती आणि मधला घुमट सकाळच्या तिरप्या उन्हात उत्तम दिसतात. आज येथे मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ चालते, त्यामुळे कामाच्या दिवशी फाटकाशी रेंगाळू नये. कस्तुरचंद पार्कच्या मैदानातील जुना मंडप वाटेतच आहे, आणि तर्री पोह्यांसाठीही तोच परिसर योग्य.

दुपारी कडबी चौक मेट्रो स्थानकाजवळच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जावे. २००२ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात बंगाल-नागपूर रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवर सातपुड्यातून धावणाऱ्या गाड्यांची इंजिने, डबे आणि उपकरणे आहेत. मुले सोबत असतील तर येथेच सर्वाधिक रमतील.

दीक्षाभूमी आणि चिचोली

संध्याकाळ दीक्षाभूमीसाठी ठेवावी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भदंत चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. त्या दिवशी नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. अवघ्या काही दिवसांनी, १ नोव्हेंबरला, ते द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि राजधानीचा दर्जा संपला. शहराने जो मान गमावला त्याहून मोठे महत्त्व त्याला आदल्याच महिन्यात मिळाले होते, अशी माझी श्रद्धापूर्वक धारणा आहे.

येथील स्तूप शिवदान मल यांच्या आराखड्यानुसार बांधला गेला आणि डिसेंबर २००१ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बाह्यरूप सांचीचे असले, तरी सांचीचा स्तूप भरीव आहे आणि हा आतून पोकळ, त्यामुळे घुमटाखाली उभे राहता येते. घुमटाचा व्यास आणि उंची प्रत्येकी १२० फूट आहे. आवारातील बोधिवृक्षाची रोपे श्रीलंकेतील अनुराधापूरहून आणलेली आहेत आणि बावीस प्रतिज्ञांचा स्तंभ शांतपणे, पूर्ण वाचावा. पादत्राणे बाहेर ठेवावीत, आत बोलू नये. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून लाखो लोक येतात. वास्तू निरखायची असेल तर तो दिवस टाळावा, पण माणसे, पुस्तकांचे असंख्य स्टॉल आणि या जागेचे चैतन्य अनुभवायचे असेल तर त्याच दिवशी यावे.

बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू पाहायच्या असतील तर नागपूरजवळच्या चिचोली येथील शांतिवन संग्रहालयात जावे लागते. १९५६ च्या दीक्षा सोहळ्याच्या आयोजनात पुढाकार घेणारे वामनराव गोडबोले यांनी हा संग्रह उभा केला. कपडे, टंकलेखन यंत्र आणि रोजच्या वापरातील साधने तेथे जपलेली आहेत. निघण्यापूर्वी संग्रहालय उघडे असल्याची खात्री करून घ्यावी, कारण शहराबाहेर जाऊन बंद दार पाहणे कोणालाच आवडणार नाही.

तिसरा दिवस : सर्वांत जुनी राजधानी

नागपूर वसण्याच्या बाराशे-तेराशे वर्षे आधी या प्रदेशाची राजधानी नंदिवर्धन होती आणि ती वाकाटकांची होती. रामटेकजवळच्या नगरधनशी तिचा संबंध जोडला जातो. चंद्रगुप्त दुसऱ्याची कन्या प्रभावतीगुप्ता हिने पतीच्या निधनानंतर लहान मुलांच्या वतीने येथून राज्यकारभार पाहिला. २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने नगरधनला उत्खनन केले आणि त्यात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. ताम्रपटांत जिचे नाव वाचले जात होते तिची खूण थेट जमिनीतून मिळाली, हे या उत्खननाचे मोठे यश होय.

जबलपूर मार्गाने सकाळी लवकर निघावे. वाटेत मनसर येथे विटांच्या बांधकामाचे विस्तीर्ण अवशेष आहेत. रामटेकच्या गडावर पोहोचल्यावर बहुतेक भाविक राममंदिराचे दर्शन घेऊन उतरतात, पण त्याच गडावर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटककालीन मंदिरे आहेत. ती लहान आणि निरलंकार वाटतात. गाभाऱ्यातील बैठी नरसिंहमूर्ती मात्र प्रचंड आहे. केवल नरसिंह मंदिरातील शिलालेख प्रभावतीगुप्तेच्या घराण्याशी निगडित असल्याने नगरधनला जाण्याआधी हे मंदिर पाहणे योग्य. गाभाऱ्यात उजेड कमी असतो, म्हणून डोळे सरावेपर्यंत थांबावे. दुपारी उतरून नगरधनच्या किल्ल्याला जावे. आज दिसणारा तट आणि दरवाजा वाकाटकांच्या नंतर बऱ्याच काळाने झालेला आहे, हे लक्षात ठेवूनच तो पाहावा. मनसर, रामटेक आणि नगरधन ही तिन्ही ठिकाणे एकाच दिवशी करायची असतील तर बसवर विसंबून न राहता पूर्ण दिवसासाठी गाडी ठरवावी, मजबूत पादत्राणे घालावीत आणि गडावर माकडे फार असल्याने खाद्यपदार्थ हातात उघडे धरू नयेत.